विश्लेषण : बंद पाकिटातले प्रश्न, र. धों. कर्वे आणि आजचा जालना जिल्हा

दसरा-दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हिशेब माणसागणिक नसतो, जोडीगणिक असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकट्या मुलाला काम मिळणे अवघड, म्हणून हंगामाआधी त्याचे लग्न उरकले जाते. वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचेही उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातील साधारण पाचपैकी एका स्त्रीचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. जालना जिल्ह्यात हे प्रमाण तिघींमागे एकीच्या आसपास होते.

शरीराबद्दल काहीही माहिती नसताना संसार सुरू होतो. मग पाळी लांबली, अंगावरून पांढरे जाऊ लागले, खाज सुटली, पहिले मूल वर्षाच्या आत राहिले, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि ते विचारायला माणूस सापडत नाही. सापडला तर लाज आडवी येते. लैंगिक आरोग्याचे नुकसान जंतूंमुळे होते तितकेच भीती, लाज आणि अज्ञान यांमुळे होते, ही गोष्ट आज आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात शिकवली जाते. मराठीत ती सर्वांत आधी, सर्वांत रोखठोकपणे आणि सर्वांत जास्त किंमत मोजून मांडली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. शंभर वर्षांपूर्वी, स्वतःच्या खिशातले पैसे घालून.

रघुनाथराव कोण होते?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरूडचा. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. स्त्रीच्या शरीरावर बाळंतपणाचा भार किती पडतो आणि समाज आपला नियम मोडणाऱ्याशी कसा वागतो, हे दोन्ही या मुलाने बारा वर्षांचा होण्याआधी घरातच पाहिले. पुढच्या आयुष्याचा अर्थ यातूनच लावावा असे नाही. पण ज्यांना कर्वे यांचा हट्टीपणा विनाकारण वाटतो, त्यांनी या दोन तारखा विसरू नयेत.

रघुनाथराव अभ्यासात पहिल्यापासून पुढे. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. विषय वडिलांचाच, गणित. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ च्या सुमारास उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले, तिथली गणिताची पदविका घेऊन परतले. फ्रेंच भाषा त्यांनी आत्मसात केली आणि युरोपात त्या काळी वेगाने वाढत असलेले कामशास्त्रावरचे लेखन वाचून काढले. गणिती माणसाला साजेल अशीच त्यांची पुढची वाटचाल झाली. गृहीतक मान्य केले की निष्कर्षही मान्य करायचा, मग तो लोकांना रुचो वा न रुचो.

नोकरी का गेली?

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र त्याच वर्षी मार्चमध्ये उघडले होते. म्हणजे या कामात मुंबई लंडनच्या मागे नव्हती. गर्भनिरोधक गोळ्या बाजारात यायला अजून चाळीस वर्षे होती, तांबी त्याहून पुढची. त्या काळची साधने म्हणजे निरोध, स्त्रीने गर्भाशयाच्या मुखाशी बसवायची रबरी टोपी, स्पंज आणि औषधी वड्या. ही साधने मिळवून देणे आणि ती कशी वापरायची हे जोडप्याला समजावून सांगणे, असे या केंद्राचे काम. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे त्यांचे पुस्तक आले. नावातच विचारासोबत आचार होता, आणि खटकले ते आचारच.

विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे. प्राध्यापकाने असल्या विषयावर लिहावे आणि वर केंद्रही चालवावे, हे व्यवस्थापनाला मानवले नाही. हा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रश्न समोर आला. १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. पगाराची, मानाची, निवृत्तीपर्यंत चालली असती अशी ती नोकरी होती. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांना स्थिर उत्पन्न असे लाभले नाही.

इथे मालतीबाईंचे नाव घ्यायलाच हवे. माहेरच्या त्या गंगू गोखले. मूल होऊ न देण्याचा निर्णय या जोडप्याने विचारपूर्वक घेतला. शस्त्रक्रिया करून घ्यायची वेळ आली तेव्हा ती कर्वे यांनी स्वतःवर करून घेतली. पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असते, हा साधा हिशेब होता. तो आजही महाराष्ट्राच्या पचनी पडलेला नाही. त्याच पाचव्या पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ मध्ये, देशभर सुमारे ८० लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या आणि अनेक सक्तीने. त्या सक्तीची दहशत पुरुषांच्या मनात खोल बसली, हेही यामागचे एक कारण. मर्दानगी जाते, अंगातली ताकद जाते, जड काम होत नाही, या समजुती मात्र आणीबाणीच्याही आधीच्या. पोत्यांची हमाली किंवा उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसाला ताकद जाण्याची भीती घालणे सोपे असते, कारण त्याचे पोट ताकदीवरच चालते.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये असे काय होते?

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. लेखक, संपादक, व्यवस्थापक, प्रसंगी अंक पोस्टात टाकणारा माणूस, सगळे एकच. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नता आणि अश्लीलता या एकच गोष्टी नाहीत हे कर्वे यांना दाखवायचे होते. ते त्यांनी अगदी पहिल्याच पानावर दाखवले. व्यवहार म्हणून पाहिले तर ही चूकच, कारण अनेक घरांत अंक लपवूनच वाचावा लागे. पण व्यवहार पाहणारा माणूस मुळात या वाटेला गेलाच नसता.

आत संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, आहार, अंधश्रद्धा अशा विषयांवर लेख असत. ‘शारदेची पत्रे’ या सदरात एका स्त्रीच्या नावाने चालू घडामोडींवर खुसखुशीत टीका येई. ते लेखनही कर्वे यांचेच. पण ज्या सदरामुळे मासिक वाचले गेले आणि ज्याच्यामुळे ते कोर्टातही गेले, ते होते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर.

लोक काय विचारत होते?

या पत्रव्यवहाराचा इतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडे बारकाईने अभ्यास केला आहे. पत्रे लिहिणाऱ्यांत बहुसंख्य होते मध्यमवर्गीय, शिकलेले पुरुष. प्रश्न असत ते हस्तमैथुनाचे, स्वप्नावस्थेचे, वीर्य गेल्याने शरीर खंगते का याचे, अवयवाच्या आकाराचे, शीघ्रपतनाचे, बायकोला समाधान का मिळत नाही याचे, समलिंगी आकर्षणाचे. घरात विचारावे असे कुणी नव्हते. डॉक्टरांना लाज वाटे आणि डॉक्टरांपुढे रोग्यालाही वाटे. बाजारात मात्र शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींचा सुळसुळाट होता. आधी भीती विकायची, मग भीतीवरचे औषध विकायचे, असा तो धंदा.

कर्वे यांची उत्तरे तोकडी आणि कोरडी असत. हस्तमैथुनाने काहीही बिघडत नाही, बिघडते ते त्याबद्दलच्या धास्तीने, हे ते निरनिराळ्या शब्दांत वर्षानुवर्षे सांगत राहिले. ब्रह्मचर्याने तेज वाढते या समजुतीची ते टर उडवत. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि ती पुरुषाइतकीच रास्त आहे, हे त्यांचे मत बहुतेक पुरुष वाचकांना न पटणारे होते, तरी ते मागे हटले नाहीत. संततिनियमनाचा पुरस्कार करणारे त्यांचे अनेक समकालीन सुदृढ प्रजा, राष्ट्राची ताकद अशा भाषेत बोलत. कर्वे यांचा भर माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या सुखावर आणि स्वातंत्र्यावर राहिला. हाच त्यांच्यातला सर्वांत मोठा फरक.

धास्तीनेच माणूस आजारी पडतो हे निरीक्षण पुढे वैद्यकशास्त्रानेही मान्य केले. वीर्य गेल्याने आपण कमजोर झालो असे वाटून थकवा, निद्रानाश, उदासी, लैंगिक अक्षमता अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणांच्या या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. शरीर ठणठणीत, त्रास मात्र खरा. मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्याने जाताना भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगतज्ज्ञांच्या जाहिराती दिसतात. त्यांचे बरेचसे गिऱ्हाईक हेच. आता त्या जाहिराती भिंतींवरून मोबाइलच्या पडद्यावर आल्या आहेत. मजकूर १९२७ चाच आहे.

गुप्तरोगांबद्दल कर्वे यांनी वेगळे काय सांगितले?

‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्यांचे पुस्तक आले तेव्हा पेनिसिलिन उपचारात आलेले नव्हते. गरमी आणि परमा या रोगांवरचे उपचार लांबलचक, महाग आणि त्रासदायक होते. समाजाचा सल्ला एकच, बाहेरख्यालीपणा करू नका. कर्वे यांची दिशा निराळी होती. माणसे उपदेश ऐकून वागत नाहीत हे ज्याला दिसते, त्याने उपदेशावर थांबू नये. संबंध येणारच असेल तर रोग कसा टाळायचा ते सांगावे, आणि रोग झालाच तर लपवण्यापेक्षा उपचार घेणे सोपे करावे. रोग ही पापाची शिक्षा मानली की रोगी लपतो. लपलेला रोगी तो घरी बायकोला देतो, आणि बायको तर कुठल्याच पापाची धनी नसते.

एड्सच्या काळात महाराष्ट्राने हाच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला. भारतात या रोगाचे पहिले निदान १९८६ मध्ये झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये उभी राहिली. सुरुवातीच्या प्रचारात कवट्या आणि मृत्यूची भीती होती, आणि त्या भीतीने लोक तपासणीपासूनच दूर पळाले. काम पुढे सरकले ते नावे गुप्त ठेवणारी समुपदेशन केंद्रे, निरोधचे वाटप आणि ज्यांना धोका जास्त त्यांनाच कार्यकर्ते बनवणे या मार्गांनी. सांगलीत वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी ‘संग्राम’ संस्थेसोबत केलेले काम यासाठी जगभर ओळखले जाते. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे एड्स नियंत्रण कार्यक्रमात विशेष लक्ष दिले जाते. जालन्यात हे दोन्ही गट आहेत. पोलाद कारखान्यांमुळे ट्रकची रीघ असते आणि परराज्यांतले कामगार येतात. दुसरीकडे याच जिल्ह्यातला मजूर सहा-सहा महिने बाहेर जातो. जोखीम या माणसांच्या चारित्र्यात नसते. घरापासून तुटलेपण, एकटेपणा, हातात रोख पैसा, सोबत्यांची ईर्षा, दारू आणि दवाखाना कुठे आहे याचीही माहिती नसणे, या सगळ्यांतून ती तयार होते.

खटले कशावरून झाले?

पहिला खटला १९३१ चा. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून सनातनी मंडळींनी तक्रार केली, कर्वे यांना अटक झाली आणि १०० रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातले अपीलही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ चा, आणि तो थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. या वेळी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते. बाबासाहेब देशभर ओळखले जात होते. बदनाम मासिकाच्या, पैसे नसलेल्या संपादकासाठी कोर्टात उभे राहण्यात त्यांचा राजकीय लाभ काहीच नव्हता.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : मासिक लैंगिक प्रश्नांसाठीच वाहिलेले आहे. वाचक खरे प्रश्न विचारतात आणि संपादक त्यांना शास्त्राधारे उत्तर देतो. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. एखाद्याच्या मनात विकृती असेलच, तर ती ज्ञानानेच दूर होईल. न्यायालयाला हे पटले नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

निकाल समजून घ्यायचा तर त्या काळची कसोटी पाहावी लागते. १८६८ च्या एका इंग्लिश खटल्यातून आलेल्या ‘हिकलिन’ कसोटीनुसार, ज्यांच्या हाती मजकूर पडू शकतो अशांतल्या सर्वांत दुबळ्या मनावर तो वाईट परिणाम करू शकतो का, एवढेच पाहिले जाई. लेखकाचा हेतू गौण. या कसोटीला वैद्यकाचे क्रमिक पुस्तकही उतरणे कठीण. शास्त्र किंवा लोकहितासाठी केलेल्या लेखनाला भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात स्पष्ट सूट मिळाली ती १९६९ च्या दुरुस्तीने. ‘हिकलिन’ कसोटी सर्वोच्च न्यायालयाने टाकून दिली ती तर २०१४ मध्ये. कर्वे यांनी दंड भरला त्याला तोवर ८० वर्षे झाली होती. आता हे कलम भारतीय न्याय संहितेत २९४ क्रमांकाने आले आहे आणि सूट कायम आहे.

आंबेडकरांनी हा विषय कोर्टापुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आला. तो नापास झाला. त्याआधी १९३० मध्येच म्हैसूर संस्थानाने सरकारी केंद्रे उघडली होती. काँग्रेसच्या वर्तुळात मात्र गांधीजींच्या मताचे वजन होते. संततिनियमन हवे, पण साधनांनी नको, संयमाने, ही गांधीजींची भूमिका. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर १९३५ च्या अखेरीस वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या, तरी ती बदलली नाही. कर्वे गांधीजींवर सतत आणि जहरी लिहीत. त्या काळात गांधीजींवर टीका करणे आणि देवाधर्मावरही टीका करणे, हे दोन्ही एकाच वेळी केले की मित्र फारसे उरत नाहीत. जे उरले त्यांत नात्यातल्या शकुंतला परांजपे होत्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हेच काम पुण्यात नेटाने चालवले. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या, १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

शेवटची वर्षे कशी गेली?

हालाखीत, पण अंक न चुकवता. ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’, ‘वेश्याव्यवसाय’ ही पुस्तके, कथा, मोलिएरच्या नाटकांची रूपांतरे, असे लेखन चालूच होते. मालतीबाई आधी गेल्या. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. ज्यासाठी दोनदा दंड भरला ते आता सरकारी धोरण झाले होते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. २६ वर्षे एका माणसाने चालवलेले मासिक त्या माणसासोबत थांबले.

वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते. महर्षी कर्वे यांना १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये ते गेले. बापाचे नाव रस्त्यांना, संस्थांना, टपाल तिकिटाला मिळाले. लेकाचे नाव अनेक वर्षे दबक्या आवाजात घेतले जाई. य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ चा चित्रपट आणि अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे २०१७ मध्ये रंगमंचावर आलेले नाटक, यांमुळे नव्या पिढीला ते माहीत झाले.

जालन्यापर्यंत हे सारे पोहोचले का?

कर्वे मुंबईत लढत होते तेव्हा जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा मोजक्या, मुलींच्या तर त्याहून मोजक्या. लग्नाचे किमान वय ठरवणारा १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानाला तो लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. इथे लैंगिक शिक्षणाची चर्चा पोहोचली ती बव्हंशी कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या रूपाने. म्हणजे किती मुले हवीत याचा हिशेब आला. शरीर, इच्छा, संमती हे शब्द आले नाहीत.

ते शाळेतून येण्याची एक संधी होती. २००७ मध्ये शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने तो थांबवला. पुस्तकातल्या चित्रांवर आणि शब्दांवर घेतलेले आक्षेप १९३४ च्या आक्षेपांपेक्षा फार वेगळे नव्हते.

इथेच कर्वे यांच्या विचाराची मर्यादाही दिसते. योग्य माहिती मिळाली की माणूस योग्य वागेल, यावर त्यांचा गणितावर असावा तसा विश्वास होता. त्यांना पत्र लिहिणारा माणूस लिहिता-वाचता येणारा, टपालाचे पैसे असलेला, आपल्या शरीराचे निर्णय बऱ्याच अंशी स्वतः घेऊ शकणारा होता. घनसावंगी तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या नवविवाहितेला निरोध म्हणजे काय हे माहीत असले, तरी तो वापरायला नवऱ्याला सांगता येईल असे नाही. तिचे लग्न हाच मजुरीच्या कराराचा भाग असतो. फडावर संडास नसतो, पाळीत कापड बदलायला आडोसा नसतो, खाडा झाला की दंड कापला जातो. संसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्याची मुळे या परिस्थितीत आहेत. इथे अज्ञान आहेच. पण अज्ञान दूर झाल्यावरही उचल फिटत नाही.

कायद्यानेही एक पेच तयार केला आहे. अठराखालच्या मुलीशी संबंध हा २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने गुन्हा आहे आणि माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. कायदा मुलीच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याची गरज आहे. पण लग्न झालेली सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहिली की घरचे तिला सरकारी दवाखान्यात न्यायला कचरतात, वय वाढवून सांगतात किंवा खासगीत, लपूनछपून वाट काढतात. ज्या मुलीला तपासणीची सर्वाधिक गरज, तीच तपासणीपासून लांब राहते. लपणाऱ्या रोग्याबद्दल कर्वे यांनी जे ओळखले होते, ते इथे लपणाऱ्या गरोदर मुलीलाही लागू पडते.

आज विचारायचे कुणाला?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याखाली १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशन केंद्रे आहेत, महाराष्ट्रात ती ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. पाळी, वाढीतले बदल, हस्तमैथुन, गर्भनिरोधन, गुप्तरोग, मनातली भीती, यांपैकी काहीही तिथे विचारता येते. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. बालविवाह ठरत असल्याचे कळले तर १०९८ वर कळवता येते.

अडचण वेळापत्रकाची आहे. शाळेतले आरोग्य तास, आशाताईंच्या किशोरी बैठका, क्लिनिकच्या पुढच्या तारखा, हे सारे गावात राहणाऱ्या मुलामुलींना धरून आखलेले असते. आईबापांबरोबर टोळीत गेलेली मुले नोव्हेंबर ते मार्च पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात, आणि त्या काळात त्यांच्याजवळ असतो तो फक्त मोबाइल. त्यावर १०९७ लागतो, आणि शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातीही त्याच पडद्यावर येतात.